नॉर्मल रिपोर्टचा पाय

मी लोकांच्या पायांना शॉक देते आणि त्याचा पगार घेते. लग्नात, हळदीकुंकवाला, बसस्टॉपवर, कुठेही कोणी विचारलं की ताई काय करता, तर माझं हेच उत्तर असतं. समोरचा माणूस आधी हसतो, मग थोडा मागे सरकतो, आणि शेवटी हळूच चपलेतून पाय काढून म्हणतो, ‘आमच्याही टाचेत कधीकधी असं होतं बघा.’ मला खरं तर त्या शेवटच्या वाक्यातच रस असतो.

नाशिकमधल्या एका खासगी हॉस्पिटलात मी नसांच्या तपासणीची टेक्निशियन आहे. आमच्या घराण्यात बी.एस्सी. झालेली मी पहिली. शहराला लागूनच, त्र्यंबक रस्त्याच्या आतल्या बाजूला आमची गुलाबाची आणि झेंडूची शेती. पहाटे आईबरोबर फुलबाजारात बसायचं आणि तिथून परस्पर कॉलेज गाठायचं, असे माझे कॉलेजचे दिवस गेले. प्रॅक्टिकलच्या टेबलावर माझ्या हाताला झेंडूचा वास यायचा. डिग्रीनंतर या यंत्राचा कोर्स केला आणि तेव्हापासून एकाच खोलीत आहे. गावात अजूनही मला नावाने कमी आणि ‘ती बी.एस्सी. झालेली’ म्हणून जास्त ओळखतात, आणि मला ते आवडतं. उगाच नम्रपणा कशाला?

काम काय असतं ते सांगते. आमच्याकडे येणारे निम्मे लोक शेतकरी, त्यामुळे मी ठिबकचंच उदाहरण देते. विहिरीवर व्हॉल्व उघडला की शेवटच्या ड्रिपरला पाणी किती वेळात पोहोचतं आणि किती जोराने पडतं, यावरून नळी कुठे चोंदलीय ते कळतं. तसंच आम्ही नसेचं करतो. पायाच्या बोटाशी एक छोटी वायर चिकटवायची, घोट्यापाशी विजेची हलकी टिचकी द्यायची, मग तशीच गुडघ्यापाशी. टिचकी बोटापर्यंत किती वेळात पोहोचली ते पडद्यावर एका लाटेत दिसतं. लाट उशिरा आली किंवा बुटकी आली तर नसेत बिघाड. टिचकी देणारी दांडी माझ्या एका हातात असते, दुसऱ्या हाताने मी पेशंटचा पाय धरते. मग बटण दाबायला हात उरत नाही, म्हणून जमिनीवर एक पेडल असतं. ते मी उजव्या पायाने दाबते. शिलाई मशीनवाल्या बाईसारखंच. या पेडलबद्दल पुढे सांगायचं आहे.

यंत्रापेक्षा पायांनीच मला जास्त शिकवलं. थंड पायात नस मंद चालते हे पहिल्याच हिवाळ्यात कळलं. आपल्याकडच्या डिसेंबरात माणूस सकाळी पहिल्या एसटीने येतो, बर्फासारखे पाय घेऊन टेबलावर झोपतो, आणि घाई केली तर धडधाकट माणसाचा रिपोर्ट खराब निघतो. म्हणून माझ्या खोलीत गरम पाण्याच्या पिशव्या कायम तयार असतात. बायकांचं वेगळंच. पैंजण काढतात, पण जोडव्यांना हात लावू देत नाहीत. वायर चिकटवताना धातू आड येतो, त्यामुळे आधी मी वाद घालायचे. एकदा एका सासूबाईंनी मला सुनावलं, ‘तुमच्या मशीनपायी आमच्या पोराचं आयुष्य कमी करता का?’ तेव्हापासून मी जोडवी काढा असं म्हणतच नाही. जोडवं बोटाच्या मुळाशी सरकवायचं, त्याला कापूस गुंडाळायचा आणि वायर शेजारच्या बोटाला लावायची. रिपोर्ट येतो, सौभाग्यही राहतं.

त्र्यंबकेश्वरचे एक तरुण गुरुजी आले होते. उजवं पाऊल उचलतच नव्हतं, चालताना फटक फटक आपटायचं. त्यांच्या मनात कोणाच्या तरी पूजेत आपली काही चूक झाली आणि तिचं हे फळ मिळालं, असं पक्कं बसलेलं. मी गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला, जिथे हाडाची गाठ हाताला लागते, तिथे टिचकी दिली. लाट नेमकी तिथेच अडत होती. दिवसभर घट्ट मांडी घालून बसल्यामुळे ती नस हाडावर दाबली गेली होती. सर, म्हणजे आमचे न्यूरोचे डॉक्टर, त्यांना म्हणाले, काही महिने मांडी बंद. गुरुजी माझ्याकडे बघून म्हणाले, ‘ताई, खुर्चीवर बसून पिंडदान केलेलं पितरांना चालेल का हो?’ मी म्हटलं, पितरांनाही पाय होते की कधीतरी. ते बरे झाले. आजही मी कधी तिकडे गेले तर लांबून पाय उचलून दाखवतात.

मला सगळ्यात गोडी लागली ती लोकांच्या शब्दांची. डॉक्टर सगळ्याला एकच शब्द लिहितात, बधिरपणा. पण माणसं तसं बोलत नाहीत. कोणी म्हणतं कापसावर चालल्यासारखं, कोणी म्हणतं तव्यावर पाय ठेवल्यासारखं. एक आजोबा म्हणाले, पाय माझाच आहे पण शेजाऱ्याकडे ठेवायला दिलाय. हे ऐकताना मी नेहमी विचार करायचे की नुसत्या शब्दांवरून नस ओळखता येईल का. येत नाही. पण विचार सुटला नाही.

आणि मग माझाच पाय बोलायला लागला.

चाळिशी ओलांडली होती. इंदिरानगरच्या आमच्या फ्लॅटमध्ये फरशी पुसून झाली की मला वाटायचं, उजवा मोजा भिजलाय. खाली बघावं तर पायात मोजाच नसायचा. पावलाची बाहेरची कड आणि टाच, तेवढाच भाग ओला. दुपारी तोच भाग जळायचा. कधी चप्पल मागेच राहायची आणि मी तशीच अनवाणी पुढे चालत जायचे, ते आमच्या यांनी हाक मारली की कळायचं. यांची नोकरी अंबडच्या कारखान्यात, मशीनवरचा माणूस. ते म्हणाले, ‘वायर लूज आहे कुठेतरी.’ मी म्हटलं, वायर तपासणारी मीच आहे.

मला भीती फारशी वाटली नाही. इतकी वर्षं दुसऱ्यांचं ऐकलेलं आता घरबसल्या ऐकायला मिळत होतं. कोणत्या भागात काय होतं ते मी पेनने पावलावर आखून बघायचे. गरम पाण्याने बरं वाटतं की गार, वाकल्यावर वाढतं की बसल्यावर, हेही बघायचे. वाकल्यावर वाढायचं. खाली ठेवलेली बादली उचलली की कमरेतून टाचेपर्यंत कोणीतरी दोरी खेचल्यासारखं व्हायचं. बाथरूमलाही सारखं जावं लागायचं, पण ते मी वयावर ढकललं.

शेवटी एका सकाळी पेशंट यायच्या आत माझ्या जोडीदारीण टेक्निशियनला सांगितलं, आज मी टेबलावर, तू पेडलवर. दोन्ही पायांची तपासणी झाली. लाटा इतक्या सुंदर की विद्यार्थ्यांना दाखवाव्यात. सरांनी साखर आणि बी-ट्वेल्व्ह बघितलं, तेही ठीक. सर तसे काटेकोर माणूस. त्यांनी पाय ठोकून बघितले, पालथं झोपवून पाठ बघितली आणि विचारलं, ‘कमरेखाली जन्मापासून काही खूण, खड्डा, केसांचा पुंजका?’ मी म्हटलं, नाही. पाठ स्वच्छ होती, त्यांनाही दिसतच होती. रिपोर्टवर नॉर्मल लिहिलं गेलं. तो कागद वाचताना मला पहिल्यांदा कळलं की आपण रोज लोकांच्या हातात काय ठेवतो. कागद नॉर्मल आणि मोजा ओलाच.

यानंतर देवळ्याचे कांद्याचे व्यापारी आले. भारी गडी, पांढरा शर्ट, पायात मुंग्या. बडबड इतकी की तपासणीतही कांद्याचा भाव सांगणं चालू. मी गुडघ्यामागे दांडी धरून टिचकी दिली, लाट आली, मी पडद्याकडे बघत होते. त्यांचा पाय परत उडाला. पुन्हा उडाला. त्यांची बडबड थांबली. पेडल दाबून धरलं की यंत्र थांबून थांबून टिचक्या देतच राहतं. माझ्या मते माझा पाय पेडलवरून केव्हाच उचललेला होता. प्रत्यक्षात तो तिथेच होता, सगळा भार टाकून. ते कोपरावर उठले आणि अगदी शांतपणे त्यांच्या अहिराणीत म्हणाले, ‘ताई, हाऊ मना पाय शे, पाणीनी मोटार नही.’

त्यांना काही इजा झाली नाही. तेवढ्या टिचकीने होतही नाही. ते हसले, चहाही घेतला. पण मी हसू शकले नाही. ज्या पायाला आपण कुठे आहोत हे कळत नाही, त्याच्या हाती दुसऱ्याच्या अंगातली वीज कशी द्यायची? मी त्याच दुपारी सरांना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, काही दिवस तुम्ही रिपोर्ट टाइप करा. बरोबरच होतं. मीही तेच केलं असतं. पण दाराबाहेरच्या टेबलावर बसून दुसऱ्या कोणीतरी घेतलेल्या लाटांचे आकडे टाइप करताना मला वाटलं, बी.एस्सी. होऊन शेवटी इथे आले. पाय परत भरवशाचा झाला नाही तर ही खोली आपली नाही, एवढं स्पष्ट होतं. आणि त्याला झालंय काय तेच कोणाला माहीत नव्हतं, मग तो भरवशाचा होणार कसा?

अशाच एका दिवशी पेठकडच्या गावातून एक आजी नातीला घेऊन आल्या. मुलगी शाळेत जाणारी, चुणचुणीत. एक पाऊल दुसऱ्यापेक्षा लहान, तळव्याची कमान उंच, आणि अजून अंथरूण ओलं करते म्हणून शाळेत चिडवतात. नसांची तपासणी नॉर्मल निघाली. सरांनी मुलीला पालथं झोपवलं आणि फ्रॉक वर केला. मी रिपोर्टचा कागद घेऊन तिथेच उभी होते. कमरेच्या खाली, मधोमध, तेलात भिजवून गुंडाळलेली केसांची एक बट.

आजी पटकन पुढे झाल्या. ‘तिला हात नका लावू डॉक्टर. देवीची हाय ती.’

मला त्या खोलीत एकदम आईच्या हातांचा, झेंडूचा वास आला. खरंच आला. मी म्हटलं, ‘सर, माझ्याही पाठीवर अशी बट होती. मी काढून टाकली.’

सरांनी मागे वळून माझ्याकडे बघितलं. ‘मी विचारलं होतं तुम्हाला.’

‘तुम्ही विचारलं तेव्हा नव्हती ना, सर.’

त्याचं असं झालं होतं. मी जन्मले तेव्हा आमच्या वाडीच्या सुईणीने सांगितलं, पोरीच्या पाठीवर देवीची बट आहे, कापू नका, कोणाला दाखवू नका, दृष्ट लागेल. आई दर मंगळवारी तिला तेल लावायची. डॉक्टरकडे नेलं तर खोकला दाखवायची, ताप दाखवायची, पाठ कधीच नाही. माझी उजवी चप्पल नेहमी सैल व्हायची. आई तिच्यात कापूस कोंबून द्यायची आणि म्हणायची, देवीने एक पाऊल नाजूक दिलंय. मी शिकले, सायन्स वाचलं, आणि मला त्या बटेची लाज वाटायला लागली. लग्न ठरल्यावर कॉलेज रोडच्या एका लेझरवाल्याकडे जाऊन मी ती मुळासकट घालवली. देवी नाही आणि बटही नाही, अशी मी माझ्या मते मोकळी झाले. नवऱ्यालाही कधी सांगितलं नाही. आईने ती देवाच्या नावाने लपवली आणि मी सायन्सच्या नावाने पुसली. दोघींनी मिळून डॉक्टरांपासून एकच गोष्ट दडवली होती. नसांच्या खोलीत इतकी वर्षं काढूनही मी ते कधी जोडून पाहिलं नाही. माझ्या दृष्टीने बट हा ब्यूटी पार्लरचा विषय होता.

माझ्या एमआरआयमध्ये सगळं दिसलं. आपला मज्जारज्जू म्हणजे पाठीच्या कण्यातली नसांची जाड दोरी. मूल वाढतं तसा कणा लांब होतो आणि दोरीचं टोक हळूहळू वर सरकत कमरेच्या वरच्या मणक्यांपाशी येऊन थांबतं. टोकाला एक नाजूक, ताणला जाणारा धागा असतो, तो फक्त आधाराला. माझ्यात तो धागा जाड, चरबीचा निघाला. त्याने दोरीचं टोक खालीच बांधून ठेवलं होतं. मी वाढले, दोरी तिथेच राहिली, ताणलेली. मी रोज पेशंटच्या पायाशी वाकत होते आणि दर वेळी आतून एक हिसका बसत होता. पाठीवरची बट ही बाहेरची खूण होती, की आत इथे काहीतरी नीट बंद झालेलं नाही.

मग माझ्या लाटा इतक्या छान का? हा प्रश्न मी सरांना आधी विचारला, ऑपरेशनचा नंतर. ते हसले. म्हणाले, जाणिवेच्या नसेचं मूळ मणक्याच्या बाहेर एका गाठीत असतं. त्या गाठीपासून खालची नस शाबूत असली की तुमचं यंत्र खूश. गाठीच्या वर दोरीत काय चाललंय ते त्याला दिसत नाही. मी इतकी वर्षं लोकांना ठिबकचं उदाहरण देत होते. नळ्या सगळ्या साफ आहेत, पण विहिरीत मोटारच अडकलीय, हे नळ्या तपासून कसं कळणार? त्या दिवशी मी खूश होते, हे सांगितलं तर लोकांना विचित्र वाटतं. पण होते.

आईला सांगणं अवघड गेलं. ती आता सत्तरीपुढची, अजून बाजारात बसते. मी तिच्या शेजारी गोणपाटावर बसले. ती हार गुंफत होती. मी बटेपासून सुरुवात केली. तिने सुई थांबवली नाही.

‘मी तवाच म्हणले व्हते, काढू नको. काढली आन् पाय गेला.’

‘आई, काढल्यामुळे पाय नाही गेला. पाय आधीपासूनच तसा होता. बट ते सांगत होती फक्त.’

‘तेच म्हणते मी. ती सांगत व्हती. तू तिचं तोंडच बंद केलं.’

वाद मीच हरत होते. मग मी तिला तिच्या भाषेत सांगायचं ठरवलं. आम्ही गुलाबाचं कलम करतो तेव्हा खोडात डोळा, म्हणजे दुसऱ्या रोपाचा कोंब, भरून वरून प्लॅस्टिकची पट्टी घट्ट बांधतो. डोळा फुटला की ती पट्टी कापावी लागते. एखादी राहिली तर रोप वाढतं आणि पट्टी खोडात रुतते. वरून पानं हिरवी दिसतात, पण रोप मागे पडतं. मी म्हटलं, माझ्या पाठीत तसंच झालंय.

आईची सुई थांबली. तिने माझ्या पाठीकडे बघितलं, साडीवरूनच.

‘पट्टी कापायची राह्यली म्हण की.’

‘हो.’

‘मंग कोणी कापायची व्हती?’

मी म्हटलं, कोणालाच माहीत नव्हतं गं. गिऱ्हाईक आलं, तिने त्याला हार बांधून दिला, आणि नेहमीपेक्षा दोन फुलं जास्त घातली. तिच्या मनात काय चाललं होतं ते मी विचारलं नाही.

ऑपरेशन करायचं का नाही, यावर महिनाभर डोकं चाललं. सर्जन सरळ बोलणारे होते. म्हणाले, धागा कापला तर पुढचं बिघडणं थांबायची चांगली शक्यता आहे. कमरेचं दुखणं बहुतेक जाईल. गेलेली जाणीव परत येईल असं मी सांगणार नाही. लघवीचा त्रास कमी होईल, तसाच राहील, क्वचित वाढेलही. आणि पायाची जळजळ या धाग्यामुळेच आहे, की तिथल्या बारीक नसांचं आणखी काही वेगळं आहे, ते नक्की सांगता येत नाही. या बारीक नसा आमच्या यंत्राला मुळातच दिसत नाहीत, हे मला माहीत होतं. यांनी विचारलं, ‘एवढं सगळं नक्की नाही, तर करायचं कशाला?’ मी म्हटलं, मला ती खोली परत हवीय. आहे तो पाय आणखी गेला तर ती कायमची जाईल.

ऑपरेशन झालं. शुद्धीवर आल्यावर मी सगळ्यात आधी पायाची बोटं हलवली, आणि ती हलतायत का ते डोळ्यांनी बघितलं, कारण आतून सांगणाऱ्यावर माझा भरवसा नव्हता. हलली. पुढचे काही दिवस उताणं पडून छत बघण्यात गेले. आई डब्याबरोबर रोज फुलं आणायची, आणि नर्स रोज ती बाहेर ठेवायची.

आता माझा हिशोब सांगते. कमरेतली ती दोरी खेचल्यासारखी ओढ गेली. बादली उचलते, वाकते, काही खेचत नाही. रात्री झोप लागते. ओला मोजा गेला, पण त्याच्या जागी वाळू आली. टाचेखाली बारीक वाळू असल्यासारखं वाटतं, आणि पायाची कड अजून जळते, मात्र रोज नाही. कधी जळते आणि कधी नाही, याला काही नियम मला सापडलेला नाही. बराच काळ मी शोधत होते. थंडी, चहा, चालणं, काळजी, सगळं तपासलं. सरांना विचारलं तर म्हणाले, माहीत नाही. पूर्वी डॉक्टरच्या तोंडून हे दोन शब्द आले की मला राग यायचा. आता वाटतं, खोटं नॉर्मल सांगण्यापेक्षा हे बरं.

खोलीत परत आले तेव्हा सरांनी मला आधी रिकाम्या टेबलावर पेडल चालवून दाखवायला लावलं. मी पेडल उचललं आणि खुर्चीच्या डाव्या बाजूला ठेवलं. घरी जेवणाच्या टेबलाखाली लाकडाचा ठोकळा ठेवून डाव्या पायाची सवय केली होती. यांनी तो ठोकळा कारखान्यातून घासूनपुसून आणून दिला होता, मापाचा. सुरुवातीला डावा पाय गोंधळायचा, पण तो गोंधळतोय हे मला कळायचं. मला तेवढंच हवं होतं. सरांनी थोडा वेळ बघितलं आणि पहिला पेशंट आत पाठवायला सांगितलं.

ती पेठची मुलगी ऑपरेशन होऊन गेली. तिचा धागा वेळेत सुटला. परवा आजीबरोबर फॉलोअपला आली होती. अंथरूण कोरडं असतं म्हणे आता, आणि शाळेत खोखोच्या टीममध्ये आहे. आजींनी मला विचारलं, ‘बट पुन्हा वाढली तर ठेवायची का?’ मी म्हटलं, ठेवा, पण डॉक्टरला दाखवा.

माझं कामही थोडं बदललंय. रिपोर्ट नॉर्मल आला आणि माणूस गप्प झाला, की मी दार लगेच उघडत नाही. त्याला विचारते, लहानपणी पाठीवर काही होतं का, कोणी काढून टाकलं का, एक चप्पल सैल व्हायची का. बहुतेक जण नाही म्हणतात. एक बाई मात्र थांबल्या, विचारात पडल्या, आणि म्हणाल्या, आईला विचारून सांगते.

मागच्या आठवड्यात आई आमच्याकडे राहायला आली होती. मंगळवारी तिने मला पालथं झोपायला सांगितलं आणि वाटीत तेल घेऊन बसली. ऑपरेशनच्या जागी बोटभर व्रण आहे. तिचं बोट त्यावरून खाली गेलं आणि थांबलं.

‘काय झालं?’ मी विचारलं.

‘आलीय,’ ती म्हणाली. ‘थोडीशीच. व्रणाच्या खालती.’

लेझरवाल्याने कायमचं जाईल म्हणून सांगितलं होतं. मी हात मागे नेऊन बघितलं. चार-पाच मऊ केस, खरंच होते. आई वाट बघत होती, मी काढ म्हणते की काय.

मी म्हटलं, ‘राहू दे.’

तिने तेल लावलं. तिने का लावलं आणि मी का राहू दिलं, याची कारणं वेगळी होती. तिने देवीसाठी लावलं. मी राहू दिलं ते पुढच्या डॉक्टरसाठी, त्याने पाठ बघितली तर त्याला दिसायला हवी म्हणून. आम्ही दोघींनी ते एकमेकींना सांगितलं नाही.